मातीच्या कार्डावर तेरावा रकाना हवा

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : भुईमुगाच्या मुळीवरच्या गाठी, आणि माती परीक्षणात सूत्रकृमीची तपासणी.

महोदय,

अर्जाला कागदपत्रं जोडायची पद्धत आहे. या अर्जाला मी भुईमुगाचा एक वेल जोडला असता, मुळासकट, माती न झटकता. पाण्याच्या पातेल्यात बुडवून आपण तो चार मिनिटं पाहिला असता, तर पुढचं बरंचसं लिहावं लागलं नसतं. खुल्या पत्राला वेल जोडता येत नाही, म्हणून लिहिते.

मी खेड तालुक्यातली. चासकमानच्या पाटाखाली आमची साडेतीन एकर. खरिपात सोयाबीन नि थोडी बाजरी, मग टोमॅटो, आणि पाटाच्या पाण्याचं आवर्तन मिळायची खात्री असेल त्या वर्षी उन्हाळी भुईमूग. नवरा चाकणला कंपनीत पाळीवर जातो, त्यामुळे रान माझ्या आणि सासूबाईंच्या अंगावर, आणि हिशेबाची वहीही माझ्याकडेच.

ओढ्याकडच्या बावीस गुंठ्यांत टोमॅटो होता, तो बसला. झाडं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी उठायची, फळ सुपारीएवढं. उपटलं तर मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी. हे काम सूत्रकृमीचं, म्हणजे मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, मुळीवर जगणाऱ्या कृमीचं. आमच्याकडे सूत्रकृमी हा शब्द कोणी वापरत नाही, निमॅटोडच म्हणतात. औषधाच्या दुकानात सांगितलं, “ताई, आता तिथं भुईमूग घ्या, निमॅटोड मोडतो.” दुकानदार मनाचं सांगत नव्हता. टोमॅटोनंतर भुईमूग हा सल्ला पुस्तकातही सापडतो. ओढ्यापलीकडे माझ्या दिरानेही तेच केलं, त्याच्याही टोमॅटोला गाठी होत्या. टीएजी २४ या वाणाचं बी दोघांनी एकाच पोत्यातून वाटून घेतलं आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात टोकण केली.

त्याचं साधलं, माझं बुडालं. सल्ला तोच, बी तेच, मधे एक ओढा. हे कसं झालं याचा मी जवळजवळ वर्षभर पाठपुरावा केला.

चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास रानाच्या मधोमध एक पिवळा चट्टा दिसला, अंथरलेल्या घोंगडीएवढा. पंधरा दिवसांत तो खळ्याएवढा झाला. पिवळेपणा म्हटलं की आमच्याकडे पहिलं नाव लोहाच्या कमतरतेचं. चुनखडीच्या जमिनीत भुईमूग पिवळा पडतोच, त्यात खोटं काही नाही. फेरस मारलं. मग १९:१९:१९ खत. मग ह्युमिकची आळवणी. आऱ्या, म्हणजे टोकाला शेंग धरणारे दांडे, सुटताना जिप्समही टाकलं. चट्टा हलला नाही.

मग एका जाणत्या पाहुण्यांनी वेल उपटला आणि खूश झाले. “गाठी बघा किती! रायझोबियम जोरात आहे. पुढच्या पिकाला बेवड झकास.” रायझोबियम म्हणजे मुळीवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू, आणि बेवड म्हणजे मागच्या पिकाने पुढच्यासाठी कसदार केलेलं रान. मीही खूश झाले. टोमॅटोच्या मुळीवर गाठ दिसली की काहीतरी बिघडलंय हे पोरालाही कळतं. भुईमुगाच्या मुळीवर मात्र गाठ म्हणजे शुभशकुन, आणि या किडीला लपायला यापेक्षा चांगली जागा कुठली?

खरं काय ते खुरपायला येणाऱ्या एका आजींनी दाखवलं. त्यांनी मुळी दोन बोटांत धरून नखाने खरवडली. काही गाठी मोहरीसारख्या टपटप सुटल्या. त्यातली एक चिरली तर आत गुलाबी, जिभेच्या रंगाची. “ही खरी.” बाकीच्या सुटेनात. जोर लावला तर मुळीच तुटली. “ही मुळीला लागलेली नाही गं, मुळीच सुजलीय.” नत्राची गाठ मुळीच्या कडेला चिकटलेली असते, नखाने निघते, काम करत असेल तर आत गुलाबी असते. सूत्रकृमीची गाठ हा मुळीचाच फुगलेला भाग. शिवाय भुईमुगात ती मुळीवर थांबत नाही, आऱ्यांवर आणि शेंगेच्या टरफलावरही उठते, चामखिळीसारखी. कृषी सहायकांच्या शेतीशाळेत भुईमुगाच्या धड्यात हुमणी असते, टिक्का असतो, तांबेरा असतो, पाने गुंडाळणारी अळी असते. नखाने मुळी खरवडायचा हा धडा दोन मिनिटांचा आहे. त्याला फलक लागत नाही, प्रोजेक्टर तर नाहीच.

काढणीला पुढचं कळलं. वेल उपटला की शेंगा वर यायला हव्यात. त्या चट्ट्यात आऱ्या कुजकट झालेल्या, उपटताना तुटायच्या आणि शेंगा जमिनीतच राहायच्या. कुदळीने उकरून काढल्या तेवढ्या काढल्या. आमच्या गावात शेंगा तोडणीची मजुरी पाटीवर ठरते. ठसठशीत शेंग असली की पाटी भराभर भरते. पोचट, बारक्या शेंगांनी ती भरता भरत नाही. बायका दिवसभर उन्हात बसून नेहमीच्या निम्म्या पाट्या भरत होत्या. तिसऱ्या दिवशी चौघी आल्याच नाहीत, आणि त्यांना बोलायला मला तोंड नव्हतं. शेवटी पाटीवरून रोजावर आले आणि तोडणीचा खर्च दीडपट झाला. माझी विक्रीची पट्टी हातात यायच्या आधी त्यांची मजुरी घटून गेली होती. पालाही कमी निघाला, म्हणजे जनावरांचा चाराही गेला.

बाजारात अडत्याने मूठभर शेंगा उचलल्या, फोडल्या, दाणे तळहातावर पसरून फुंकर मारली. “ताई, दाणा भरला नाही. आणि शेंग डागाळलीय.” शेजारच्या ढिगापेक्षा क्विंटलमागे ६०० रुपये कमी. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. सुरकुतलेला दाणा माझ्याही डोळ्यांना दिसत होता.

आता माती तपासायची ठरवली. इथे चूक माझी.

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी, म्हणजे मातीच्या सरकारी कार्डासाठी, नमुना कसा घ्यायचा हे आम्हाला पाठ आहे : व्ही आकाराचा खड्डा, मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन बाजूला, सावलीत वाळवायची, मग पिशवीत. मी पडवीत वर्तमानपत्रावर दोन दिवस माती वाळवली आणि सूत्रकृमीच्या तपासणीला पाठवली. अहवाल आला : शून्य. म्हणजे मी जिवंत प्राणी वाळवून मारले आणि मग त्यांची शिरगणती मागितली. सूत्रकृमीची माती ओली हवी, मुळांच्या जवळची, पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीची, सोबत थोडी कोवळी मुळं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, उन्हात न ठेवता, शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि नमुना जमा करून घेणाऱ्यानेही विचारलं नाही, “बाई, ही कोरडी कशी?”

दुसरा नमुना ओला नेला. या वेळी माती चाळण्यांतून धुऊन काढली आणि टिश्यूपेपर लावलेल्या फनेलमध्ये ठेवली. जिवंत सूत्रकृमी वळवळत पाण्यात उतरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पाणी भिंगाखाली मोजतात. अहवालावर लिहून आलं : गाठी करणारा सूत्रकृमी, मेलॉयडोगायनी, आणि पुढे आकडा. भरपूर होते. पण जात लिहिलेली नव्हती.

जात लिहिलेली नव्हती हेच या पत्राचं मूळ दुखणं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या अनेक जाती आहेत. आपल्याकडच्या टोमॅटोत मुख्यतः दोन सापडतात, इन्कॉग्निटा आणि जावानिका. इन्कॉग्निटा भुईमुगावर वाढत नाही. मुळीजवळ येतो, पण त्याला तिथे संसार मांडता येत नाही. त्यामुळे इन्कॉग्निटा असलेल्या रानात टोमॅटोनंतर भुईमूग घेतला की त्याची उपासमार होते. दिराच्या रानात बहुधा हेच झालं. जावानिकाचं तसं नाही. त्याच्या काही टोळ्या भुईमुगावर जगतात, काही नाही. आणि अरेनारिया ही तिसरी जात जगभर भुईमुगाची मोठी वैरी म्हणून ओळखली जाते. गुजरातच्या भुईमुगात अरेनारिया आणि जावानिका दोन्हींची नोंद आहे. म्हणजे “टोमॅटोत निमॅटोड आहे, भुईमूग घ्या” हा सल्ला एका रानात औषध आहे आणि दुसऱ्यात त्या प्राण्याला घातलेलं जेवण. कुठल्या रानात काय, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

एका प्राध्यापकांनी दया येऊन मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. माझ्याच मुळीची गाठ सुईने उकलली, तर आत पांढरा, चमकता, पेअरच्या आकाराचा कण, खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान. ती मादी. एकदा मुळीत शिरून बसली की हलत नाही, खाते आणि चिकट पुंजक्यात तीनशे-पाचशे अंडी घालते. उन्हाळ्यातल्या गरम जमिनीत एक पिढी पंचवीस-तीस दिवसांत पुरी होते. म्हणजे ११५ दिवसांच्या भुईमुगात सहज तीन पिढ्या. सरांनी तिच्या मागच्या टोकाचा बारीक काप घेऊन काचेवर ठेवला. बोटाच्या ठशासारख्या रेषा दिसतात आणि प्रत्येक जातीचा ठसा वेगळा. माझ्या मादीच्या ठशात दोन्ही बाजूंना सरळ रेघ, जणू पानाच्या कडेला समास सोडलाय. “जावानिका,” ते म्हणाले. वर्षभराच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन रेघांत होतं.

आता आपल्याला वाटेल, बावीस गुंठ्यांचं नुकसान, त्यासाठी आयुक्तांना पत्र? म्हणून थोडा हिशेब मांडते. तो कागदावरचा आहे. कोणाच्याही वहीत घालून पाहावा.

२०२५-२६ साठी भुईमुगाचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये. समजा एकरी १० क्विंटल वाळलेल्या शेंगा निघतात आणि १०० किलो शेंगांत ७० किलो दाणा. पूर्ण भावाने ७२,६३० रुपये. आता चट्ट्यांमुळे २ क्विंटल गेले, राहिले ८. हा तोटा सगळ्यांना दिसतो. पण उरलेल्या शेंगांत दाण्याचा उतारा ७० वरून ६२ वर आला तर? व्यापारी शेवटी दाणाच विकत घेतो. त्या प्रमाणात भाव ६,४३३ च्या आसपास येतो आणि ८ क्विंटलचे होतात सुमारे ५१,४६० रुपये. एकवीस हजार गेले. त्यातले साडेचौदा हजार वजनाचे, आणि साडेसहा हजार असे की जे कोणी मोजतच नाही, कारण पोतं तर भरलेलं दिसतं. बी, खुरपणी, पाणी, फवारणी यांचा खर्च एक पैसा कमी झालेला नाही. उलट माझ्या तीन फवारण्या जास्तच.

वजन तेवढंच राहून पैसे जातात याचं याहून चोख उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. तिथे डायटिलेंकस आफ्रिकानस नावाचा सूत्रकृमी शेंगेत शिरून दाण्यापर्यंत पोचतो. वेल वरून हिरवागार आणि उत्पादनात फारशी घट नाही, पण दाण्याची साल तपकिरी पडते, दाणा आक्रसतो आणि माल खाण्याच्या प्रतीतून उतरून तेल गाळायच्या प्रतीत जातो. आपल्या देशातलंच उदाहरण हवं तर आंध्रातलं काळहस्ती. १९७५-७६ च्या सुमारास तिथे शेंगा बारक्या आणि काळपट निघायला लागल्या. ‘काळहस्तीचा रोग’ म्हणून तो पुस्तकात गेला. कारण निघालं सूत्रकृमी, पण गाठी न करणारा, टायलेंकोरिंकस ब्रेव्हिलिनियाटस नावाचा. मुळीवर गाठ शोधत बसला असता तर तो कधीच सापडला नसता. पुढे त्याला दाद न देणारं तिरुपती ३ हे वाण आलं. हा रोग पुण्यात आहे असं मी म्हणत नाही. म्हणते एवढंच की तिथे कोणीतरी शेंग काळी का पडली हे विचारलं, तपासलं आणि मग वाण आलं.

आणखी एक गोष्ट, शहरातल्या वाचकांसाठी. तुमच्या साबुदाण्याच्या खिचडीत पडणारं कूट आणि लोणावळ्याची चिक्की यांच्यासाठी भरलेला, एकसारखा दाणा लागतो. सुरकुतलेला, डागी दाणा निवडून बाजूला काढतात. तो जातो कुठे? घाण्याला, आणि उरलेली पेंड गोठ्यात. अस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष अशाच खराब दाण्यांत जास्त साचतं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या प्रयोगांत दिसलं आहे की शेंगा पोसायच्या वेळी पाण्याचा ताण पडला आणि त्यात अरेनारियाची लागण असली, तर दाण्यात अफ्लाटॉक्सिन वाढू शकतं. सूत्रकृमीने शेंगेचं टरफल जायबंदी केलं की बुरशीला आयतं दार मिळतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये आवर्तन लांबलं की नेमका हाच ताण. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला किलोमागे एकूण ४ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. एवढ्यावर कंटेनर परत येतो. पेंडीतून ते गाईच्या दुधात उतरतं, आणि दुधासाठी आपल्याच देशाची मर्यादा लिटरच्या हिशेबात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. खवट दाणा जिभेला कळतो. हे विष चवीला कळत नाही.

उपाय नाहीत असं नाही, पण प्रत्येकाला एक ‘पण’ चिकटलेला आहे. सासऱ्यांच्या काळात फोरेट टाकत. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे आणि मला त्याचं दुःख नाही, कारण त्याच रानातल्या ओल्या शेंगा आमची पोरं उकडून खातात. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून रान तापू द्या, किंवा ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, हे खरंच चालतं. पण उन्हाळी भुईमूगवाल्याचं पीक नेमकं तेव्हाच उभं असतं. निंबोळी पेंड, शेणखतात वाढवलेल्या पॅसिलोमायसिस किंवा ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशी यांनी जोर कमी होतो, समूळ जात नाही. झेंडू चांगला. त्याच्या मुळांत सूत्रकृमीला मारणारं द्रव्य असतं आणि दसऱ्याला चार पैसेही होतात. पण दाट लावायला हवा, हंगामभर ठेवायला हवा, आणि दसऱ्याचा भाव कसा कोसळतो ते पुण्याच्या गुलटेकडी बाजारात जाऊन आलेल्यांना विचारा. मी त्या तुकड्यात झेंडूच लावला. ट्रॅक्टरचा रोटर भाड्याने येतो तो आधी कुठल्या रानातून आला हे आता विचारते, आणि पात्यांची माती धुवायला लावते. ड्रायव्हर हसतो. हसू दे.

तर महोदय, मागणी.

मृदा आरोग्य पत्रिका १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली. तिच्यावर बारा गोष्टी येतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. माझ्या त्या बावीस गुंठ्यांच्या कार्डावर बहुतेक सगळं ‘मध्यम’ आहे. कार्ड खोटं नाही, त्याला फक्त जिवंत काही दिसत नाही. जिथे टोमॅटो, वांगी, काकडी, डाळिंब किंवा बटाटा यांच्यामागे भुईमूग येतो तिथे, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पुरंदर इथल्या बागायतीत, मागणी करणाऱ्या शेतकऱ्यासाठी सूत्रकृमीचा तेरावा रकाना असावा. फुकट मागत नाही. तीन निरुपयोगी फवारण्यांत माझे जेवढे पैसे गेले त्यातून तपासणीची फी देऊन उरले असते. मात्र बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना, ही पत्रिकेची रीत इथे चालणार नाही. सूत्रकृमी चट्ट्यांनी राहतो. नमुना चट्ट्याच्या कडेचा हवा, जिथे वेल अजून जिवंत आहे. मधल्या मेलेल्या झाडाखाली तो फारसा उरलेला नसतो.

नमुना ओला पोचवण्याची सोय ही खरी अडचण आहे, हे मला कळतं. आठवड्यातला एक वार ठरवून तालुक्याच्या ठिकाणी पिशव्या गोळा केल्या, तर त्या संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत पोचू शकतात. आमच्याकडून फुलं रोज पहाटे मार्केट यार्डात पोचतात, माती का पोचू नये? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे. माणसं आहेत, विद्या आहे. ती विद्या अहवालात एका शब्दाने वाढावी, जातीच्या नावाने. आकडा आहे आणि जात नाही असा अहवाल म्हणजे “ताप आहे” एवढंच लिहिलेली चिठ्ठी.

आणि तोवर, प्रयोगशाळेशिवाय होईल असं एक काम आहे. अमेरिकेत या सूत्रकृमीची जात ओळखायला कुंड्यांत टोमॅटो, भुईमूग, कपाशी, मिरची अशी झाडं लावून कोणाला गाठी येतात ते पाहायची जुनी रीत आहे. आपल्याला एवढ्या कुंड्यांची गरज नाही. शंकेच्या रानातली ओली माती दोन कुंड्यांत भरायची. एकीत टोमॅटो, दुसरीत भुईमूग. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी दोन्ही उपटून मुळं पाण्यात धुवायची. टोमॅटोला गाठी आणि भुईमूग स्वच्छ, तर त्या रानात भुईमूग बिनधास्त घ्यावा. दोन्हींना गाठी, तर भुईमूग नको. भुईमुगाच्या गाठी मात्र नखाने खरवडूनच मोजायच्या, नाहीतर रायझोबियमलाच शिक्षा व्हायची. उन्हाळी भुईमुगासाठी या कुंड्या डिसेंबरच्या सुरुवातीला भराव्या लागतील. प्रत्येक कृषी सहायकाने आपल्या गावांत दहा शेतकऱ्यांकडे हे करून घ्यावं असं एक परिपत्रक निघालं, तर त्याला निधीही लागणार नाही.

बियाण्याबद्दल एकच. केंद्राचं खाद्यतेल अभियान, गळीतधान्यांचं, ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालं. १०,१०३ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत. त्यातून भुईमुगाचं क्षेत्र वाढवा म्हणतील, बियाणं वाटतील. अमेरिकेत १९९९ मध्ये कोआन नावाचं वाण आलं, अरेनारियाला न जुमानणारं. तो गुण त्यांनी रानटी भुईमुगाकडून संकराने आणला. आपल्याकडे एसबी ११, टीएजी २४, फुले उन्नती, फुले चैतन्य यांतलं कुठलं जावानिकापुढे किती तग धरतं, ते पिशवीतल्या माहितीपत्रकावर छापता येणार नाही का? टिक्का आणि तांबेऱ्याबद्दल छापतोच की आपण.

गारपीट झाली तर पंचनामा होतो. मुळीवरच्या गाठीचा पंचनामा झालेला मी पाहिला नाही, आणि तो मागतही नाही. पेरणीआधी कळलं तर पंचनाम्याची वेळच येत नाही.

हे लिहितेय तेव्हा आमच्या ओट्यावर चार कुंड्या आहेत. दोन माझ्या रानाच्या, दोन दिराच्या. कोणाची कुठली ते सासूबाईंनी खडूने लिहून ठेवलंय, आणि शेळी दोनदा टोमॅटोवर येऊन गेलीय, पण मुळं शाबूत आहेत. पंचेचाळीस दिवस येत्या रविवारी भरतात. सकाळी नऊला उपटणार आहे. आपल्या कार्यालयातलं कोणी येणार असेल तर पातेलं आणि पाणी तयार आहे, भिंग मात्र तेवढं घेऊन यावं.

आपली,
भुईमूग पिकवणारी एक शेतकरी,
ता. खेड, जि. पुणे